साखर मिनिटात विरघळते, मग मूर्ती का नाही?

प्रश्न थोडक्यात असा: घरच्या गणपतीचं विसर्जन बादलीत केलं. विक्रेत्याने शाडूची म्हणून दिलेली फूटभर उंचीची मूर्ती चार दिवस झाले तरी जशीच्या तशी आहे, फक्त रंग थोडा उडालाय. सातवीतला मुलगा विचारतोय, साखर मिनिटात विरघळते, मीठ विरघळतं, मग ही का नाही? पाणी गरम करून ओतलं तर विरघळेल का?

गरम पाण्याचं आधी सांगतो, नाहीतर तोवर तुम्ही पातेलं गॅसवर चढवलेलं असेल. उपयोग नाही. तुमची मूर्ती शाडूची नाही, प्लास्टर ऑफ पॅरिसची आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम नावाचं खनिज तापवून केलेली पावडर. तिच्यात पाणी घातलं की ती घट्ट होते, म्हणजेच तिचं पुन्हा जिप्सम होतं. तेव्हा बादलीत आत्ता आहे तो जिप्समचा गोळा. जिप्सम पाण्यात अजिबात विरघळत नाही असं नाही, पण लिटरमागे जेमतेम २ ते अडीच ग्रॅम. तुमची बादली २० लिटरची धरली तर तिच्यात फार तर ५० ग्रॅम विरघळेल, मग पाणी म्हणणार, बास. मूर्ती २ किलोची असेल तर ती सगळी विरघळवायला गच्चीवरची हजार लिटरची टाकी लागेल, आणि तीही ढवळत बसलात तर. पाणी तापवून हा आकडा फारसा हलत नाही. साधारण ४० अंशांपर्यंत किंचित वाढतो, त्यापुढे उलट कमी होत जातो.

मी ज्युनिअर कॉलेजात ३० वर्षं रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेतली. त्यामुळे मुलाच्या प्रश्नाचं उत्तर एवढ्यावर सोडवत नाही.

पहिली गोष्ट शब्दाची. आपण मराठीत ‘विरघळणं’ फार सढळ हाताने वापरतो. बर्फ विरघळला, गोळी तोंडात विरघळली, शाडूची मूर्ती विरघळली. उलट परीक्षेच्या पेपरात ‘साखर पाण्यात वितळते’ हे वाक्य मी किती वेळा लाल पेनाने खोडलं असेल, गणती नाही. बर्फ वितळतो: एकच पदार्थ, घनाचा द्रव झाला, त्याला उष्णता पुरते, दुसरा कोणी लागत नाही. साखर विरघळते: तिथे दोन पदार्थ लागतात आणि एकाचे कण दुसऱ्यात सुटे होऊन मिसळतात. कढईत कोरडी साखर तापवून कॅरॅमल करता तेव्हा ती वितळते (आणि सोबत करपायलाही लागते, म्हणून तो रंग).

आणि शाडू? शाडू विरघळतच नाही. ऐकायला विचित्र वाटेल, कारण शाडूची मूर्ती ‘छान विरघळली’ असं आपण दर वर्षी म्हणतो. माती म्हणजे अतिसूक्ष्म चकत्यांची चळत. वाळलेल्या मूर्तीत त्या एकमेकींना चिकटून असतात. पाणी फटींतून आत शिरतं, चकत्या सुट्या होतात, मूर्ती आधी मऊ पडते आणि मग बसते. पण प्रत्येक चकती शाबूतच असते. हे निलंबन, म्हणजे पाण्यात नुसते पसरलेले कण, द्रावण नव्हे. बादली रात्रभर हलवू नका, सकाळी माती तळाशी. वरचं पाणी अलगद ओतून ती माती पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येते. साखरेचं पाणी वर्षभर ठेवलं तरी साखर तळाशी बसणार नाही. पाणी उडून गेलं तरच ती परत दिसेल.

मुलाला एक सोपी चाचणी करून दाखवा. काचेचे तीन पेले घ्या. एकात साखर घालून ढवळलेलं पाणी, दुसऱ्यात चिमूटभर माती कालवून पाच मिनिटं ठेवलेलं पाणी, तिसऱ्यात पाणी आणि दुधाचे दोन थेंब. खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च मारा. साखरेच्या पाण्यातून उजेड निघून जातो, वाट दिसत नाही. इतर दोन पेल्यांत उजेडाचा पट्टा स्पष्ट दिसतो, कारण तिथले कण उजेड उधळण्याइतके मोठे आहेत. दूध तर या बाबतीत मजेशीर आहे. त्यातली दुधाची साखर खरोखर विरघळलेली, प्रथिनांचे सूक्ष्म पुंजके अधांतरी, आणि स्निग्धांशाचे थेंब नुसते तरंगणारे. म्हणून साय वर येते, साखर येत नाही.

आता खरं विरघळताना काय होतं ते डोळ्यांनी बघू. खडीसाखरेचा मोठा खडा दोऱ्याला बांधा आणि पेल्यातल्या शांत पाण्यात, वरच्या काठाजवळ, बुडेल असा लटकवा. ढवळू नका. मागे उजेडाची खिडकी असू द्या. मिनिटाभरात खड्याखालून नितळ, थरथरणाऱ्या रेषा खाली उतरताना दिसतील, उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा थरथरते तशा. तो पाक आहे. खड्याला लागून असलेलं पाणी साखरेने जड होतं, खाली सरकतं आणि त्याच्या जागी ताजं पाणी येतं. अर्ध्या तासाने खडा बघा. त्याचे कोपरे आधी गेलेले असतात, कारण कोपऱ्यावरच्या रेणूला धरून ठेवणारे शेजारी कमी आणि पाणी मात्र चहूबाजूंनी.

त्या पातळीवर चाललेला सौदा असा. साखरेचे रेणू खड्यात एकमेकांना धरून बसलेले असतात. पाण्याचे रेणूही आपसात हात धरून असतात. पाण्याच्या रेणूत एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन, पण सरळ रेषेत नाहीत, साधारण १०४.५ अंशांच्या कोनात वाकलेले. त्यामुळे ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋणभार, हायड्रोजनच्या बाजूला थोडा धनभार. रेणू सरळ असता तर हे भार एकमेकांना मारले गेले असते आणि पाण्याची अर्धी करामत संपली असती. साखरेच्या रेणूला बाहेरच्या अंगाला ऑक्सिजन-हायड्रोजनच्या आठ जोड्या असतात, पाण्याच्या ओळखीच्या. पाणी तिथे येऊन धरतं, रेणू सुटतो आणि अख्खाच्या अख्खा पाण्यात जातो.

मिठाचं वेगळं. मिठात रेणू नसतातच, सोडियमचे धनभारित आणि क्लोरिनचे ऋणभारित आयन एकाआड एक रचलेले असतात. पाणी सोडियमकडे ऑक्सिजनचं तोंड करतं, क्लोराइडकडे हायड्रोजनचं, आणि दोघांना वेगळं ओढून नेतं. म्हणून मिठाच्या पाण्यातून वीज वाहते, साखरेच्या पाण्यातून नाही. (हे घरच्या प्लगला वायर लावून तपासू नका. ९ व्होल्टची बॅटरी आणि एलईडी पुरे.)

मिठाचे आयन एकमेकांना किती घट्ट धरतात? ५८ ग्रॅम मीठ, म्हणजे एक मोल (रसायनवाल्यांचं कण मोजायचं ठरावीक माप, डझनासारखं), पार सुटं करायला सुमारे ७८७ किलोज्यूल लागतात. पाणी त्या आयनांना बिलगलं की सुमारे ७८३ परत मिळतात. चार किलोज्यूलचा तोटा! तो पाण्याच्याच उष्णतेतून भरून निघतो, म्हणून भरपूर मीठ विरघळवलं की पाणी किंचित गार होतं. युरियाचा तोटा मोलमागे १५ च्या आसपास, तोही लिटरमध्ये किलोच्या हिशेबाने विरघळतो. फवारणीसाठी युरिया कालवणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, बादली बाहेरून गार लागते. प्रॅक्टिकलला मी परीक्षानळीत चमचाभर युरिया घालून पोरांच्या हातात द्यायचो. धडा पार विसरलेली मुलंही तो गारवा विसरली नाहीत.

तोट्याचा सौदा असूनही मीठ विरघळतं कसं, हा यातला खरा चांगला प्रश्न. मुलाने विचारला तर टाळू नका. आयनांना रांगेत बसण्याची तऱ्हा एक, पाण्यात पांगण्याच्या तऱ्हा अगणित. कण कायम हलत-धडकत असतात, त्यामुळे जिकडे तऱ्हा जास्त तिकडे गाडी सरकते. तोटा छोटा असेल तर पांगण्याची ही ओढ तो पचवते. तोटा मोठा असेल तर नाही पचवू शकत, आणि पदार्थ तळाशी बसून राहतो.

जिप्सम तळाशी का बसतं तेही यातच आलं. मिठात भार एक-एक. जिप्सममध्ये कॅल्शियमवर दोन आणि सल्फेटवर दोन. बाकी सगळं सारखं असेल तर पकड चौपट. पाणीही त्यांना जास्त जोरात बिलगतं, पण इथे ते पुरत नाही. मात्र हा नियम वहीत लिहून पाठ करू नका, कारण मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे औषधाच्या दुकानातलं एप्सम सॉल्ट, त्यातही भार दोन-दोनच, आणि ते पाण्यात धडाधड विरघळतं. मॅग्नेशियम लहान, पाणी त्याला फार जवळून धरतं. दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी आहे ही. कुठला आकडा थोडा जड पडेल हे नुसतं नावाकडे बघून सांगता येत नाही. रसायनवाले हुशारीने सांगतात ते बहुतेक वेळा आधी तक्ता बघून.

असाच दुसरा चकवा कापसाचा. तुमचा सुती सदरा रासायनिक नात्याने साखरेचा भाऊ आहे. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्याच लांबलचक माळा, पाण्याच्या ओळखीच्या जोड्या जागोजागी. तरी तो भिजतो, विरघळत नाही, कारण माळा शेजारच्या माळांना हजारो ठिकाणी धरून आहेत आणि एक हात सुटला तरी बाकीचे सोडत नाहीत. नाहीतर पहिल्या पावसातच सगळ्यांची पंचाईत होती.

तेल आणि पाण्याचं वैर आहे असं शाळेत शिकवतात, तेही पुरतं खरं नाही. तेलाचा थेंब पाण्यावर टाकला तर तो पसरायला बघतो, म्हणजे दोघांत ओढ आहेच. पण पाण्याच्या रेणूंची आपसातली ओढ त्याहून बरीच जास्त. तेलाचा रेणू मध्ये घ्यायचा तर भोवतालच्या पाण्याला अवघडून, ठरावीक तऱ्हेनेच उभं राहावं लागतं, हालचालीला जागा उरत नाही. तेल एकत्र गोळा झालं की पाणी मोकळं होतं. आपला स्वयंपाक या एका गोष्टीवर उभा आहे. हळदीचा पिवळेपणा, हिंगाचा वास, मिरचीचा जाळ, सगळं तेलात उतरतं, पाण्यात जवळजवळ नाही. म्हणून फोडणी. आणि म्हणूनच ठेचा लागला की पाणी पिऊन काही होत नाही. दही खा, दूध प्या.

आता प्रश्नाचा दुसरा भाग: गरम पाण्यात सगळंच जास्त विरघळतं का? नाही. आकडे १०० ग्रॅम पाण्याचे देतो. साखर २० अंशांना सुमारे २०० ग्रॅम, उकळत्या पाण्यात ४८० च्या वर. सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, २० अंशांना ३२ ग्रॅम आणि १०० अंशांना जवळपास २४५. मीठ मात्र ३६ वरून फक्त ३९ वर. म्हणून समुद्राचं पाणी तापवून गार करून मीठ मिळत नाही, पाणी उडवावंच लागतं. उरण-पेणकडच्या मिठागरांत तेच काम ऊन करतं. मजा म्हणजे तिथेही पाणी आटत जाताना मिठाच्या आधी कोण खाली बसतं? आपलं जिप्सम. मीठ नंतर. आणि शेवटी उरलेल्या कडवट पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइड. तेच थोडं मिठाला चिकटून राहिलं की पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं.

चुना तर उलटाच. चुन्याची निवळी तापवली तर गढुळते, कारण गरम पाण्यात चुना कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमध्ये पावणेदोन ग्रॅमच्या आसपास, उकळताना त्याच्या निम्म्याहून कमी. विरघळताना ज्यांची उष्णता बाहेर पडते ते बहुधा तापवलेल्या पाण्यात मागे येतात, आणि जे उष्णता घेतात ते पुढे जातात. वायूंचंही चुन्यासारखंच. थंड सोड्याची बाटली शांतपणे उघडते, उन्हात राहिलेली अंगावर येते. पाण्यातला प्राणवायू २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. वैशाखात तळ्यातले मासे पहाटे वर येऊन तोंड मारताना दिसतात, त्यामागचं हे एक कारण.

इथे एक गल्लत सगळेच करतात: लवकर विरघळणं आणि जास्त विरघळणं. ढवळणं, बारीक करणं याने वेग वाढतो, मर्यादा वाढत नाही. पिठीसाखर खडीसाखरेपेक्षा झटकन विरघळते, पण पेल्यात शेवटी मावणार तेवढीच. तेव्हा मूर्तीचे तुकडे करूनही बादलीतले ५० ग्रॅमच विरघळतील, फक्त लवकर. लिंबू सरबतात बर्फ साखरेच्या आधी घातला की तळाशी साखर राहते, तिथे मात्र दोष वेगाचा आहे. मर्यादा कितीतरी लांब असते.

मर्यादेच्या पलीकडेही जाता येतं, हे दिवाळीत घरोघरी कळतं. गरम पाण्यात भरपूर साखर विरघळवून पाक केला, तो निवला, आता पाण्यात आहे ती साखर त्या तापमानाला मावते त्याहून जास्त. ती अवघडून बसलेली असते, निमित्ताची वाट बघत. पातेल्याच्या काठावरचा एक कोरडा कण आत पडला की त्यावर भराभर साखर बसत जाते आणि पाक साखरतो. आमच्याकडे एका दिवाळीला मी ‘शास्त्र दाखवतो’ म्हणून निवलेल्या पाकात साखरेचा दाणा टाकला होता. शास्त्र दिसलं. चिरोट्यांचा पाक गेला आणि मला स्वयंपाकघरात मज्जाव झाला. आजी पाकात लिंबू पिळायची ते याचसाठी. आंबटपणाने थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि हे भलते रेणू मध्ये आले की साखरेच्या रेणूंना रांग लावता येत नाही.

अजून एक चूक दुरुस्त करतो, कारण मुलाच्या पुस्तकात ती असू शकते. ‘पाण्याच्या रेणूंमधल्या मोकळ्या जागेत साखर जाऊन बसते.’ मोजून बघा. १०० मिलिलिटर पाण्यात १०० ग्रॅम साखर विरघळवली की द्रावण साधारण १६२ मिलिलिटर भरतं. त्या साखरेच्या दाण्यांचं स्वतःचं आकारमान, मधली हवा वगळून, ६३ च्या आसपास. म्हणजे साखरेने तिची जागा जवळपास पूर्ण घेतली. वाटीभर साखर घालूनही पाणी वाटीभर चढत नाही, कारण वाटीत दाण्यांमध्ये हवा होती. मिठाचं मात्र थोडं आकसतं: ३५ ग्रॅम मिठाचं आकारमान १६ मिलिलिटर, पण पाणी चढतं साधारण १२ ते १३. आयन पाण्याला जवळ खेचून घेतात.

आता तुमच्या बादलीकडे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर अमोनियम बायकार्बोनेटची रीत सुचवली आणि पुणे महापालिकेने ही पावडर लोकांना वाटलीही. बिस्किटं फुगवायला बेकरीत वापरतात तीच ही. मूर्तीच्या वजनाइतकी पावडर घ्या, मूर्ती बुडेल एवढ्या पाण्यात कालवा. २ किलोला किमान १० लिटर पाणी हवंच, नाहीतर पावडरच पुरती विरघळणार नाही. निर्माल्य, दोरे, दागिने आधी काढून घ्या. बादली गच्चीवर किंवा अंगणात ठेवा, कारण अमोनियाचा वास येतो. वर घट्ट झाकण लावू नका, आत कार्बन डायऑक्साइड सुटत असतो. दर दोन-तीन तासांनी काठीने ढवळत राहा. साधारण दोन दिवस लागतात. ऑइलपेंटचा जाड थर असेल तर जास्त, कारण पाण्याला आत शिरायला वाट हवी.

आणि हे विरघळणं नव्हे बरं का. थोडं जिप्सम विरघळतं, त्यातून कॅल्शियम सुटं होतं, बायकार्बोनेट त्याला पकडून कॅल्शियम कार्बोनेट करतं. ते जिप्समहूनही शंभरेक पटींनी कमी विरघळणारं, लिटरमागे १४-१५ मिलिग्रॅम. म्हणून ते पांढरा गाळ होऊन खाली बसतं. पाण्यातलं कॅल्शियम असं निघून गेल्यामुळे मूर्तीतून आणखी विरघळायला जागा होते, ते पुन्हा पकडलं जातं, आणि २० लिटरांतच काम होतं. न विरघळणारा पदार्थ संपवायचा तो त्याहून न विरघळणारा पदार्थ तयार करून!

वर राहतं ते अमोनियम सल्फेटचं पाणी. ते खत आहे, पण मूर्तीच्या रंगात काय होतं हे आपल्याला ठाऊक नसतं. भाजीला घालू नका. फुलझाडांना घालायचं तर आठ-दहा पट पाणी मिसळून, थोडं थोडं.

मुलासाठी शेवटचा प्रयोग. पावडर घालण्याआधी मूर्तीचा नखाएवढा तुकडा बाजूला काढून ठेवा. काम झाल्यावर तळाचा पांढरा गाळ चमचाभर घ्या, साध्या पाण्याने तीन-चारदा धुऊन वाळवा. दोन्हींवर व्हिनेगरचे थेंब टाका. गाळ फसफसेल, तुकडा ढिम्म राहील. गाळ धुवायचा कंटाळा करू नका. त्यात बायकार्बोनेट उरलं असेल तर तेच फसफसेल आणि मुलाला काहीच कळणार नाही.